कोटाला पिन लावलेली बाई

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाने स्मरणिका काढली. मुखपृष्ठाचे काम शेजारच्या मुलीकडे दिले होते. ती ए.टी.डी. करते, म्हणजे उद्याची चित्रकला शिक्षिका. तिने लिनो कोरून आपल्या आजीचे चित्र छापून आणले. आजीने पंचवीस वर्षे बांधकामावर पाट्या वाहिल्या. डोक्यावर चुंबळ, पदर कमरेला खोचलेला, नजर थेट समोर. मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, "जयंतीला ही पाटीवाली कशाला? लोक म्हणतील, अजून होते तिथेच आहेत." मग नेहमीचे कमळ आणि उगवता सूर्य छापला गेला. त्या बैठकीत आम्ही हजर होतो. हिशेबाची वही पुढे धरून गप्प बसलो.

पोरीने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी एक पुस्तक आणून आमच्यासमोर ठेवले. "काका, एवढं बघा."

पुस्तक होते एलिझाबेथ कॅटलेट यांच्या चित्रांचे. वाचक भगिनींनो, हे नाव आम्हीही पूर्वी ऐकले नव्हते. जन्म १९१५ चा, वॉशिंग्टनचा. आजी-आजोबांनी गुलामगिरी भोगलेली. गुणवत्ता असूनही पिट्सबर्गच्या एका नामांकित संस्थेने, मुलगी काळी आहे हे कळताच, प्रवेश नाकारला. पुढे १९४० साली आयोवा विद्यापीठातून त्यांनी शिल्पकलेत एम.एफ.ए. केले, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. तिथले त्यांचे शिक्षक ग्रँट वुड विद्यार्थ्यांना सांगत, जे तुम्हाला सर्वात जास्त ठाऊक आहे तेच काढा. कॅटलेटबाईंना ठाऊक होत्या आपल्या समाजातल्या बाया.

मग त्या स्वतः शिक्षिका झाल्या. न्यू ऑर्लिन्सच्या कॉलेजात असताना १९४१ साली पिकासोची चित्रे गावच्या संग्रहालयात आली. संग्रहालय ज्या बागेत होते तिथे काळ्या माणसाला मज्जाव. बाईंनी संग्रहालय बंद असतानाचा दिवस ठरवून घेतला, बस थेट दारापर्यंत नेली आणि विद्यार्थ्यांना आत घातले. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्या कामगारांच्या रात्रशाळेत शिकवू लागल्या. स्वयंपाकिणी, धोबिणी दिवसभर राबून तिथे येत. बाई त्यांना शिल्पही शिकवीत आणि कपडे बेतून शिवायलाही. आपली कला कोणासाठी, हे त्यांना तिथे उमगले.

१९४६ साली शिष्यवृत्ती घेऊन त्या मेक्सिकोला गेल्या. तिथे चित्रकारांची एक सामायिक कार्यशाळा होती. कामगार-शेतकऱ्यांसाठी पत्रके, भित्तिचित्रके तिथे छापली जात. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरतात तसला जाड पत्रा. त्यावर उलटे चित्र काढायचे, पांढरे हवे तेवढे पटाशीने कोरून टाकायचे, उरलेल्या भागावर रूळ फिरवून शाई लावायची आणि कागद दाबायचा. एकाच कोरीव कामातून कितीतरी प्रती निघतात, म्हणून गरिबालाही परवडते.

त्या तंत्राने १९४६-४७ मध्ये बाईंनी पंधरा चित्रांची 'निग्रो स्त्री' ही मालिका केली. वहीच्या पानाहून मोठे एकही नाही. प्रत्येकाच्या नावात ती बाई स्वतः बोलते. मी नेहमीच राबले, मी परक्यांच्या घरी कामे केली. एकात बसमधल्या राखीव बाकांवर बायका बसल्यात, वर फक्त काळ्यांसाठी अशी पाटी. एकात गळ्यात दोर असलेला पुरुष जमिनीवर पडलाय आणि मारणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. ते पान आम्ही लवकर उलटले, मग परत आलो. गुलामांना पळवून नेणारी हॅरिएट टबमन हात लांब करून वाट दाखवते, आणि तिच्याच रांगेत घर पुसणारी बाई उभी आहे. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. शेवटचे समतेचे चित्र मात्र आम्हाला थोडे भाषणासारखे वाटले.

याच १९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. डबॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, हे येथे आठवते.

सर्वात जास्त वेळ आम्ही थांबलो ते १९५२ सालच्या चित्रापाशी. बटाईने शेती करणारी म्हातारी. मालकाची जमीन, निम्मे पीक त्याचे, वर कर्ज. डोक्यावर रुंद गवती टोपी, अंगावरच्या कोटाला बटण नाही, सेफ्टी पिन लावलेली. आपल्या बायांच्या बांगडीत अडकवलेली असते तीच पिन! पण चित्र खालून वर पाहिल्यासारखे काढले आहे. त्यामुळे बघणाऱ्याला मान वर करावी लागते. ती कीव मागत नाही. आमच्या स्मरणिकांत बाई असते ती बहुधा रडणारी किंवा दिवा घेतलेली. कामाचे हात कुठे दिसतच नाहीत.

बाई मेक्सिकोतच राहिल्या. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी १९७५ पर्यंत शिल्पकला शिकवली. १९६२ साली तिथले नागरिकत्व घेतल्यावर अमेरिकेने त्यांना नकोशी व्यक्ती ठरवले. १९७१ मध्ये हार्लेममधल्या आपल्याच प्रदर्शनाला यायलासुद्धा खास परवाना लागला. २०१२ साली त्या गेल्या.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा आजी दारात तांदूळ निवडत होत्या. चित्र मागितले. त्या म्हणाल्या, "तुमीच नाय म्हनलं ना त्याला?" आम्ही हो म्हटले.

चित्र सध्या आमच्या फाइलीत आहे. यंदाच्या स्मरणिकेची बैठक येत्या रविवारी विहारात आहे, आणि पहिला विषय आम्हीच लिहून दिला आहे.