पडद्याआडचा फुलकिडा

गेल्या फाल्गुनांत आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिच्यावरून शिक्षकांत व पालकांत बराच वाद माजला. मॉनिटरच्या शुभ्र पडद्यावर एक काळा बिंदु चालूं लागला. नववींतील एका विद्यार्थ्यानें तो पुसून पाहिला. पुसला जाईना, तेव्हां त्यावर अंगठा दाबला. बिंदु चालावयाचा थांबला, पण गेला नाहीं. मुलाकडून नुकसानभरपाई घ्यावी, असें कित्येकांचें मत पडलें. आमचें मत तसें नाहीं.

तो बिंदु म्हणजे पडद्याच्या आंत शिरलेला फुलकिडा होता. आमच्या पालकांपैकीं जे कांदा पिकवितात त्यांस या प्राण्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पातीच्या बेचक्यांत दडून रस शोषणारा व पातीवर पांढुरके चट्टे पाडणारा, त्याच जातकुळीचा हा. (एक गृहस्थ तर पडद्याकडे पाहतांच हंसून म्हणाले, "अहो, हा आमच्या शेतांतला!") लांबी सुमारें १ मिलिमीटर, अंग चपटें, पंखांस बारीक केसांची झालर. अरुंद फटींत अंग चोरून बसणें हा त्याचा स्वभावच. मॉनिटरमध्यें मागें दिवे, त्यांपुढें उजेड सारखा पसरविणारे पातळ पापुद्रे व त्यांपुढें कांच असते. कडेच्या फटींतून हा जीव उजेडाच्या ओढीनें आंत येतो आणि पापुद्रे व कांच यांमध्यें हिंडूं लागतो. उजेड मागून येत असल्यामुळें आपणांस तो काळाच दिसतो.

दाबण्याचा मोह होतो तो येथेंच. चिरडलेलें शरीर आंत चिकटून बसतें, आणि पडदा उकलल्यावांचून तें निघत नाहीं. उलट, मॉनिटर बंद करून खोलींत अंधार करावा व कडेशीं एक दिवा ठेवावा. जिवंत कीटक पुष्कळदां आपल्या पायांनींच बाहेर पडतो. एक-दोन दिवस वाट पाहावी लागते, इतकेंच.

हें त्या मुलास कोणीं सांगितलें होतें? आम्हीं तर नव्हे. आम्हीं त्यास कीबोर्डवर बोटें कशीं चालवावीं हें शिकविलें, वहींत कीटकाचें चित्र काढावयास लाविलें. पण डोळ्यांसमोर चालणारा कीटक आधीं नीट पाहावा, हें शिकविण्याचें राहून गेलें.

१९४७ सालच्या सप्टेंबरच्या ९ तारखेस अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत 'मार्क २' नांवाच्या गणनयंत्रांत एक पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि खालीं लिहिलें कीं, खरोखरीचा 'बग' सांपडण्याची ही पहिलीच वेळ. यंत्रांतील दोषास 'बग' म्हणण्याची रीत त्याहून जुनी. एडिसननें १८७८ सालीं एका पत्रांत तो शब्द योजला होता. म्हणून तर ती गंमत! तें पान आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

भरपाईची रक्कम घेऊं नये, असें आम्हांस वाटतें. त्याऐवजीं या जीवाची माहिती त्या मुलानें स्वतःच्या हातानें लिहून वर्गाच्या दारावर लावावी. मॉनिटर आहे तसाच चालू ठेवावा. उजव्या कोपऱ्याजवळच्या त्या ठिपक्यानें एखादें अक्षर झांकलें, तर तें ओळखून वाचण्याइतकी आमचीं मुलें शहाणीं आहेत.