रिकाम्या पिंपांचा हिशेब

पनवेल-तळोजा पट्ट्यात रसायनाचे पिंप एखाद्या भंगाराच्या आवारात सापडले, की भंगारवाल्याला आरोपी ठरवण्याची घाई सुरू होते. पण ते पिंप तेथे आपल्या पायांनी चालत गेले काय? आतला माल संपल्यावर कारखान्यानेच ते विकले आणि पैसे जमेच्या बाजूस मांडले. तळाशी व कडेच्या शिवणीत चिकटून राहिलेले रसायन मात्र कोणत्याच वहीत आले नाही.

कायद्याने ही पळवाट ठेवलेली नाही. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे 2016 च्या केंद्रीय नियमांच्या पहिल्याच अनुसूचीत घातक कचरा म्हणून नोंदलेली आहेत. ती परवानाधारकाकडेच गेली पाहिजेत आणि त्यांची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर आहे. प्रत्यक्षात ती जबाबदारी उचलतो कॉस्टिकच्या पाण्यात उघडे हात घालून पिंपे धुणारा मजूर. धुवण गटारात जाते, गटार कासाडी नदीला मिळते. पत्र्यासाठी पिंप कापताना आत कोंडलेल्या वाफेला गॅसची ज्योत लागली, तर स्फोट होतो. आणि चार-पाच मजुरांच्या अशा आवाराला कारखानेविषयक कायदे सामान्यतः लागूच होत नाहीत!

कार्ल विल्यम काप यांनी 1950 साली खाजगी उद्योगाच्या 'सामाजिक खर्चा'वर ग्रंथ लिहिला. उद्योग आपल्या उत्पादनखर्चाचा काही भाग त्रयस्थांच्या माथी मारतो आणि उरलेल्याला नफा म्हणतो, हे त्यांचे प्रतिपादन. आमच्या विद्यापीठांनी त्यांना तळटीपेत बसवले. तळोज्यात ते रस्त्यावर भेटतात.

हे त्रयस्थ कोण? मजूर तर आहेच. शिवाय देहरंग धरणाचे पाणी उन्हाळ्यात पुरेनासे झाले, की पाणी साठवण्यासाठी स्वस्तातले निळे पिंप शोधणारी गृहिणी आहे. सेंद्रिय द्रावके प्लास्टिकच्या भिंतीत मुरतात, ती साबणाने निघत नाहीत. 'लोक अडाणी आहेत' असे म्हणणाऱ्यांनी आधी नळाला पाणी द्यावे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे एकच साधी गोष्ट मागावी. भरलेल्या पिंपांची आवक प्रत्येक कारखान्याच्या खरेदीवहीत असतेच. तिच्यासमोर रिकाम्यांची जावक मांडावी. किती गेली, कोणाकडे गेली, शुद्ध करून गेली की तशीच? हा ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा. तळोज्याच्या कामगार संघटनांनीही ही मागणी बोनसच्या मागणीपत्रात घालावी. पिंपे धुणारा मजूर त्यांच्या सभासद-यादीत नाही, ही सबब त्यांना चालणार नाही. मुळात तो त्या यादीत का नाही, याचेही उत्तर त्यांनी द्यायचे आहे.