जुन्या विद्युत् मोटारसायकलीचे मोल

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि शहरातील कचेऱ्यांत रोज जा-ये करणाऱ्या नोकरदारांनी चार-पाच वर्षांपूर्वी मोठ्या उमेदीने घेतलेल्या विद्युत् मोटारसायकली आता विक्रीस निघू लागल्या आहेत, आणि त्याबरोबरच नाशिकच्या जुन्या दुचाकींच्या बाजारात एक मत जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात उच्चारले जाऊ लागले आहे. विजेची गाडी हौसेने घ्यावी, पेट्रोल वाचवावे, परंतु तिच्या विक्रीतून चार पैसे हाती येतील अशी आशा धरू नये. कारण तिचा सारा जीव बॅटरीत, ती बॅटरी तीन वर्षांत निकामी होणार, आणि नवी घालावी तर तिच्या किमतीत निम्मी गाडी यायची, असे ते मत आहे. व्यापारी गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरवर अंगठा दाबतो, हँडल डावी-उजवीकडे वळवून पाहतो आणि गाडी सुरू करण्याची तसदीही न घेता म्हणतो, "काका, बॅटरी गेली की हे नुसतं भंगार. भंगारापेक्षा थोडं वर देतो, एवढंच." विकणारा गृहस्थ, आधीच धास्तावलेला, हे वाक्य निमूटपणे ऐकून घेतो. या वाक्याचा प्रतिवाद करावा आणि त्याचबरोबर त्या निमूट गृहस्थालाही चार शब्द ऐकवावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा, तर हे मत आकाशातून पडलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 2006-07 च्या सुमारास ज्या विजेच्या स्कूटरी आपल्याकडे आल्या त्यांत बहुधा शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या असत. 250 वॅटची मोटार आणि ताशी 25 किलोमीटरचा वेग या मर्यादेत बसणाऱ्या त्या गाड्यांना नोंदणी लागत नसे, परवाना लागत नसे, आणि दीड-दोन वर्षांत बॅटरीने मान टाकली की त्या जिन्याखाली धूळ खात पडत. ज्या व्यापाऱ्याने अशा गाड्या घेऊन हात पोळून घेतले, त्याने सावध व्हावे हे स्वाभाविकच होय. दोष आहे तो हा, की त्या शिशाच्या बॅटरीचा अनुभव तो आज लिथियम-आयन बॅटरीला, नोंदणीकृत हिरव्या पाटीच्या मोटारसायकलीला, जसाच्या तसा लावतो. आणि एका जातीच्या वस्तूवरून दुसऱ्या जातीच्या वस्तूविषयी निर्णय देणे हा तर्कशास्त्रात जितका प्रमाद आहे तितकाच तो व्यापारातही आहे, फरक इतकाच की व्यापारात त्याचा दंड दुसऱ्याला भरावा लागतो.

"मोबाईलची बॅटरी नाही का दोन वर्षांत बसत?" हा या पक्षाचा आवडता दाखला. तो हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. मोबाईल बहुधा रोज रिकामा होतो आणि रोज भरला जातो. म्हणजे वर्षाला साडेतीनशेच्या वर पूर्ण आवर्तने झाली. आता नाशिकरोडहून सातपूरला नोकरीस जाणारा मनुष्य घ्या. जाऊन-येऊन सुमारे 30 किलोमीटर, कामाचे दिवस तीनशे, म्हणजे वर्षाचे 9000 किलोमीटर. आणि एका पूर्ण चार्जिंगमध्ये गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर 80 किलोमीटर जाते असे धरले, तर वर्षाकाठी आवर्तने भरतात जेमतेम 112. चार वर्षांत साडेचारशे. लिथियम-आयन घट, त्याचा रासायनिक प्रकार कोणताही असो, बरी निगा राखली तर इतक्या आवर्तनांनी मरत नाही. तो थोडा उणावतो. उणावणे आणि मरणे यांत जे अंतर आहे, नेमकी तेवढी रक्कम आज विक्रेत्याच्या खिशातून जात आहे.

अर्थात् आवर्तने मोजून सर्व भागले असे नव्हे. बॅटरी वापराने झिजते तशी नुसत्या काळानेही झिजते, आणि पत्र्याच्या शेडखाली वैशाखाच्या उन्हात शंभर टक्के भरून महिनोन् महिने उभी ठेवलेली कमी चाललेली गाडी, रोज सावलीत उभ्या राहणाऱ्या जास्त चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. पेट्रोलच्या बाजारात "कमी चाललेली" हे शब्द ऐकताच भाव चढतो. येथे मात्र ते शब्द ऐकून चौकशी वाढवावी. त्याचप्रमाणे गाडी कोणत्या साली तयार झाली, हा प्रश्नही व्यर्थ नाही. 2022 च्या वसंतात देशभर विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. 9 एप्रिल रोजी तर खुद्द नाशिकमध्ये, कारखान्यातून निघालेल्या कंटेनरमधल्या चाळीसपैकी वीस स्कूटरी जळून गेल्या. त्या प्रकरणानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस 156 हे मानक कडक करण्यात आले आणि त्याचे दोन टप्पे डिसेंबर 2022 व मार्च 2023 अखेर अमलात आले. या तारखांच्या अलीकडची गाडी पलीकडच्या गाडीपेक्षा चार पैसे अधिक आणते, तर ते योग्यच आहे, आणि तेथे विक्रेत्याने रुसू नये.

रुसण्याचा विषय निघालाच आहे, तर आता दुसऱ्या पक्षाकडे वळावे. व्यापाऱ्याचे मत जितके पोकळ, तितकीच विक्रेत्याची अपेक्षाही पुष्कळदा अवास्तव असते. तो खरेदीची पावती पुढे करतो, आणि तीही बहुधा अनुदान वजा होण्यापूर्वीच्या आकड्याची. जून 2021 पासून दोन वर्षे केंद्र सरकारच्या फेम योजनेत बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे 15,000 रुपयांचे अनुदान होते, किमतीच्या 40 टक्क्यांची मर्यादा सांभाळून. म्हणजे सव्वातीन किलोवॅट-तासांच्या आसपासच्या बॅटरीवर जवळजवळ 48,000 रुपये सरकारी तिजोरीतून गेले. ती रक्कम आपणच भरली असे समजून तिच्यावर पुन्हा भाव मागणे म्हणजे लोकांच्या पैशावर दोनदा हक्क सांगणे होय. एके काळी बजाज चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि जुनी स्कूटर नवीपेक्षा महाग विकली जाई. तो काळ परवाना-पद्धतीने निर्माण केलेल्या टंचाईचा होता. ज्या बाजारात दर सहा महिन्यांनी नवे मॉडेल येते, त्यात जुन्या वस्तूने खाली उतरावे हा सृष्टिक्रमच आहे.

मग खरे मोल ठरवावे कशावरून? नुसत्या सालावरून नव्हे, नुसत्या किलोमीटरवरून नव्हे, पावतीवरून तर नव्हेच. ते मुख्यतः बॅटरीत आज किती वीज मावते यावरून ठरवावे. आणि आमचा मुख्य मुद्दा असा, की या बाबतीत जुनी विद्युत् मोटारसायकल ही जुन्या पेट्रोल मोटारसायकलीपेक्षा अधिक प्रामाणिक वस्तू आहे. पेट्रोल इंजिनातील रिंगांची झीज कानाने आणि अनुभवाने ओळखावी लागते. त्यात घट्ट ऑइल घालून चार दिवस धूर दाबणारे कारागीर प्रत्येक गावात आहेत. विजेच्या गाडीची शक्ती मात्र ज्या मापाने महावितरण आपल्याला बिल पाठवते त्याच मापाने, युनिटाने, मोजता येते. भिंतीवरच्या सॉकेटात लावायचे छोटे वीजमापक घ्यावे; बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत गाडी चालवावी; मग तिचाच चार्जर त्या मापकात लावून पूर्ण भरेपर्यंत किती युनिटे ओढली ते पाहावे. समजा, बॅटरी मूळची 3.24 किलोवॅट-तासांची आहे. चार्जरमध्ये आणि उष्णतेत सुमारे बारा टक्के वाया जाते असे धरले, तर नवी असताना तिने भिंतीतून 3.7 च्या आसपास युनिटे ओढली असती. आज ती 3.1 ओढत असेल, तर सुमारे 84 टक्के सामर्थ्य शिल्लक आहे. हा हिशेब सातवीतला मुलगा करील. परंतु भंगाराचा भाव सांगणाऱ्याने तो केलेला नसतो आणि पावती नाचवणाऱ्यानेही नाही.

ज्याला एवढी यातायात नको, त्याने गाडी पूर्ण भरून, मागे एक मनुष्य बसवून, त्र्यंबकेश्वरला जाऊन यावे. जाणे-येणे साठ किलोमीटरांच्या आतबाहेर पडते. त्र्यंबक नाशिकहून उंचावर असल्याने जाताना बॅटरी अधिक खर्ची पडते आणि परतताना कमी, म्हणून एकाच बाजूचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो विकणारा असो की घेणारा. दोघांनी मिळून ही फेरी केली आणि निघतानाचा व परतल्यावरचा टक्का कागदावर लिहून खाली सह्या केल्या, तर सौद्यातील निम्मी घासाघीस आपोआप मिटते.

येथे कोणी कायदेपंडित आठवण करून देईल, की 1930 च्या माल-विक्री अधिनियमानुसार वस्तूच्या गुणवत्तेविषयी सावध राहण्याची जबाबदारी सामान्यतः घेणाऱ्याची असते. मग विक्रेत्याने आपण होऊन बॅटरीची उणीव का सांगावी? त्याला उत्तर असे, की 1872 च्या करार अधिनियमात ठाऊक असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडवणे हे कपटात मोडते, आणि कंपनीच्या जाहिरातीतील दीडशे किलोमीटरचा आकडा सांगून ऐंशी किलोमीटरची गाडी गळ्यात बांधणारा मनुष्य मौनाचा आश्रय घेऊ शकत नाही. शिवाय हे कायद्यापुरते नाही. जो विक्रेता आकडा लपवतो तोच व्यापाऱ्याच्या संशयाला बळ देतो, आणि त्याची झळ त्याच्यामागून विकायला येणाऱ्या प्रत्येक सचोटीच्या माणसाला लागते.

एक आक्षेप मात्र सबळ आहे, आणि त्याचे खंडन करण्याचा खोटा आव आणणार नाही. गाडी करणारी कंपनीच उद्या बंद पडली किंवा तिने शहरातील सेवा-केंद्र गुंडाळले, तर धडधाकट बॅटरीची गाडीही एका कंट्रोलरपायी उभी राहते. तेव्हा ज्या उत्पादकाचे केंद्र नाशिकात आजही चालू आहे त्याच्या गाडीला अधिक भाव मिळणे रास्तच आहे. बॅटरीची उरलेली हमी नव्या मालकाला मिळते की नाही, हे तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीकडून लेखी घ्यावे. यांतील कित्येक गाड्या मालकाच्या मोबाईलशी जोडलेल्या असतात. गाडी कोठे उभी आहे हे तो घरबसल्या पाहू शकतो, काहींत तर लांबून सुरू करू शकतो. (एका मोटारसायकलीत मोबाईलवरून इंजिनाचे निरनिराळे कृत्रिम आवाजही निवडता येतात, ज्या आवाजापासून सुटका व्हावी म्हणून विजेची गाडी घ्यायची, तोच आवाज विकत घेणाऱ्यांपुढे आम्ही हात टेकले आहेत.) गाडीचे हे मोबाईलवरील खाते नव्या मालकाच्या नावे झाले नाही, तर गाडी त्याची आणि किल्ली जुन्याची, असा प्रकार होतो.

कराची भीती घालणाऱ्यांची गोष्ट दोन वाक्यांत आटोपता येईल. 21 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेर येथे जीएसटी परिषदेने जुन्या विद्युत् वाहनांवरील कर बारावरून अठरा टक्के केला हे खरे, परंतु तो नोंदणीकृत व्यापाऱ्याला, त्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो. एका गृहस्थाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर छदामही लागत नाही. नव्या गाडीवर पाच टक्के आणि जुनीच्या नफ्यावर अठरा, ही विसंगती परिषदेने एकदा तपासावी, एवढे म्हणून पुढे जाऊ.

कारण खरा धोका कागदांत आहे. बयाणा घ्यायचा, मालकी-हस्तांतरणाच्या टीटी फॉर्मवर सह्या करून द्यायच्या, आणि "पुढचं मी बघतो" या आश्वासनावर गाडी सोडून द्यायची, ही आपली जुनी रीत. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवले पाहिजे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये निकाल दिला, की गाडी कितीही हातांतून फिरलेली असो, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्याच माथी. म्हणून कर्ज फेडले असल्यास नमुना 35 देऊन नोंदीवरचा बोजा उतरवावा, हस्तांतरणाचे नमुना 29 व 30 पेठ रोडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात दाखल झाल्याची पावती आपल्याजवळ ठेवावी, आणि विमा नव्या नावावर होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाठपुरावा करावा.

आणि या हस्तांतरणाच्या नमुन्यातच केंद्र शासनाची एक मोठी चूक राहून गेली आहे. नमुना 29 मध्ये चॅसिसचा आणि मोटारीचा क्रमांक लिहावा लागतो. बॅटरीसाठी रकानाच नाही. ज्या शासनाने ऑगस्ट 2020 मध्ये बॅटरीवाचून विद्युत् दुचाकीची विक्री व नोंदणी करण्यास मुभा दिली आणि गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा तीस ते चाळीस टक्के असतो असे त्या वेळी स्वतःच सांगितले, त्याच शासनाच्या हस्तांतरणाच्या कागदावर त्या चाळीस टक्क्यांचा मागमूस नसावा, याला काय म्हणावे? पाहताना दाखवली एक बॅटरी आणि ताबा देताना बसवली दुसरी, असे झाले तर घेणाऱ्याने कोणता दस्तऐवज पुढे करायचा? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या नमुन्यात बॅटरीचा क्रमांक, मूळ क्षमता आणि अधिकृत केंद्राने तपासलेली सध्याची क्षमता असे तीन रकाने वाढवावेत, अशी आमची मागणी आहे. ते होईपर्यंत विजेची मोटारसायकल विकणाऱ्या प्रत्येक नाशिककराने हे तीन आकडे कबजेपावतीवर स्वतःच्या हाताने लिहावेत, खाली तारीख घालावी, आणि मगच चार्जर व किल्ली घेणाऱ्याच्या हवाली करावी.