दगड आहे, पाणी कुठाय?

शनिवारी घरी भुसावळला आलो की दीपनगरच्या चिमण्या दिसतात आणि डोकं सुरू होतं. हल्ली कुणीही सांगतं, 'दख्खनचा काळा दगड आहे ना, त्यात कार्बन डायऑक्साइड गाडून टाकू!' पवईच्या आयआयटीत यावर संशोधनही चालू आहे. चांगलंच आहे. आइसलँडमध्ये विद्यापीठ आणि वीजकंपनीनं मिळून २०१२ मध्ये हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांत ९५ टक्के वायूचा दगड झाला.

पण मंडळी, या पद्धतीत टनभर वायूला साधारण २५ टन पाणी लागतं. आपला ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला ढोबळमानानं दहा हजार टन वायू सोडतो. म्हणजे रोज २५ कोटी लिटर पाणी! कुठून आणणार? तापीतून? नळाची वाट बघत बसलेल्या भुसावळच्या एखाद्या मावशींना हे सांगून बघा.

अमेरिकेत वॉलुला इथं २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्याशिवाय, नुसत्या दाबानं बेसॉल्टमध्ये सोडला. त्याचंही खनिज झालं. मग चाचणीचं बोअर इथंच घ्या आणि पाण्याचा हिशेब आधी मांडा. तोवर स्लाइडवरचा दगड दाखवून इथला धूर झाकू नका.