दुसरा फ्लॅट म्हणजे पेन्शन नव्हे



आजचा लेख भांडणाचा आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका सल्ल्याशी आहे. नवरा पन्नाशी ओलांडतो, हातात चार पैसे दिसू लागतात आणि कुणीतरी भाचा, दीर नाहीतर एजंट घरी येऊन सांगतो, "बँकेत पैसा सडवू नका. कर्ज काढून दुसरा फ्लॅट घ्या. भाड्यात हप्ता निघेल, व्याजावर कर वाचेल आणि म्हातारपणी आयती पेन्शन." चहा संपेपर्यंत सगळे माना डोलावतात. आपण चहा देणाऱ्या, म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही. सहीच्या वेळी मात्र आपली आठवण येते.

मी बी.कॉम. आहे आणि घरखर्चाची वही आजही स्वतः लिहिते. म्हणून हा सल्ला वहीत उतरवून बघू या.

समजा बीड बायपासला 50 लाखांचा फ्लॅट घेतला. 10 लाख आपले, 40 लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. हप्ता येतो महिना साधारण 34,700 रुपये. भाडं धरा 12,000. म्हणजे भाड्यात हप्ता निघत नाही, हप्त्याचा तिसरा हिस्सा निघतो. वर्षाचा हप्ता 4 लाख 16 हजार, भाडं 1 लाख 44 हजार. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून 34 हजार धरले, तर खिशातून वर्षाला 3 लाख 6 हजार जातात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च यात धरलेलाच नाही. भाडेकरू बदलताना घर दोन महिने रिकामं राहिलं, तर तेही वेगळं. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते मी सांगायला नको. टँकरचा खर्च सोसायटी रिकाम्या फ्लॅटवरही लावते.

आता कराची गोष्ट. एजंटचा सगळा भर हिच्यावरच असतो. पहिल्या वर्षी व्याज जातं सुमारे 3 लाख 37 हजार. भाड्यातून घरपट्टी आणि 30 टक्के वजावट काढून राहतात 94 हजार. म्हणजे कागदावर 2 लाख 43 हजारांचा तोटा. पूर्वी असा सगळा तोटा पगारातून वजा करता यायचा. 2017-18 पासून सरकारने त्याला वर्षाला 2 लाखांची मर्यादा घातली. राहिलेला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण फक्त घराच्याच उत्पन्नातून वळता करायला. तेव्हा जुन्या करपद्धतीत, वरच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्या माणसाचा सेससकट कर वाचतो जास्तीत जास्त 62,400. तीन लाख घालवून बासष्ट हजार वाचवणं याला आमच्या आजीच्या भाषेत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणायचे. आपल्या स्वयंपाकघरात कोंबडी नाही, पण हिशेब तोच!

नव्या करपद्धतीत तर तेही नाही. तिथे भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण तोटा पगारातून वजा करता येत नाही. 2023-24 पासून आपण काही निवडलं नाही तर हीच पद्धत लागू होते. शिवाय 2025-26 पासून या पद्धतीत नेहमीच्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. ज्या घरात करच नाही, तिथे हा सल्ला देणारा नक्की काय वाचवतो आहे? आणि निवृत्तीनंतर उत्पन्न घटतं, कराचा टप्पा खाली येतो, म्हणजे वजावटीची किंमत नेमकी तेव्हा कमी होते जेव्हा हप्ता सर्वांत जड वाटतो.

यावर लगेच उत्तर येतं, "अहो, पण भाव वाढतो ना." वाढतो, नाही कसा? जुलै 2024 मध्ये टोयोटाचा राज्य सरकारशी बिडकीनच्या प्रकल्पासाठी करार झाला आणि प्रत्येक एजंटच्या तोंडी ऑरिकचं नाव आलं. शेंद्रा-बिडकीनला कारखाने आले तर घरांना मागणी येईल, हे मलाही मान्य आहे. पण मग हा फायदा भावाचा आहे, कराचा नाही, तेव्हा कराचं नाव पुढे करून विकू नका. भावाचा फायदा घर विकल्याशिवाय हातात येत नाही आणि विकताना त्यावरही कर आहेच. 23 जुलै 2024 नंतर घेतलेलं घर दोन वर्षांनी विकलं, तर नफ्यावर साडेबारा टक्के, महागाईची सूट न देता. औषधाचं बिल आलं म्हणून कुणाला फ्लॅटची बाल्कनी तेवढी विकता येत नाही.

आता आपल्या सहीकडे येते. घर बाईच्या नावावर घेतलं की महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चांगली गोष्ट आहे. पण पुष्कळ घरांत बाईचं नाव तेवढ्या सवलतीपुरतंच लागतं. पैसे नवऱ्याचे असतील तर भाड्यावरचा कर त्याच्याच उत्पन्नात धरला जातो, म्हणजे कराचा फायदा होत नाही. आणि तुम्ही सहकर्जदार म्हणून सही केलीत, तर बँकेच्या दृष्टीने अर्ध्या नव्हे, संपूर्ण कर्जाला बांधील असता. आपल्यापैकी बहुतेक जणी वयाने नवऱ्यापेक्षा लहान. मागे राहण्याची शक्यता आपलीच जास्त. पगार बंद, पेन्शन अर्धी आणि 34,700 चा हप्ता चालू. हे संकट बाईवर येतं, सल्ला देणाऱ्या भाच्यावर नाही.

लोक फ्लॅटकडे का पळतात, हेही मला कळतं. 2023 साली आपल्याच शहरात एका पतसंस्थेत कितीतरी जणांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. वीट तरी डोळ्यांना दिसते, असं वाटणं साहजिक आहे. पण जादा व्याजाची पतसंस्था आणि कर्जाचा फ्लॅट एवढे दोनच रस्ते नाहीत. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. साठीनंतर पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्याच्या 8.2 टक्के दराने 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात येतात. वरच्या 50 लाखांच्या फ्लॅटचं, कर्ज पूर्ण फिटल्यावरही, निव्वळ भाडं आजच्या दराने वर्षाला 1 लाख 10 हजार. भाडं पुढे वाढेल, हे खरं. पण फरकही बघा. साठीला अजून वेळ असेल तर हप्त्याच्या तुटीतले वर्षाला दीड लाख दोघांपैकी एकाच्या पीपीएफमध्ये घाला. त्याचं व्याज नव्या पद्धतीतही करमुक्त आहे.

पस्तिशीतल्या, दोघं कमावत्या, हप्ता हसत भरू शकणाऱ्या जोडप्याला मी अडवणार नाही. माझं भांडण पंचावन्नाव्या वर्षी घेतलेल्या कर्जाशी आहे.

आपल्या पाचव्या अणुव्रतात ज्यांचं परिमाण ठरवायचं, त्यांत क्षेत्र आणि वास्तू पहिल्या येतात. जमीन आणि घर. आहे त्याची मर्यादा घालायला सांगितलेल्या माणसांनी नसलेल्या पैशांनी वास्तू वाढवावी आणि त्याला म्हातारपणाची सोय म्हणावी, हे मला तरी पटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कागद समोर आले की चष्मा लावा आणि विचारा: आपण कुठल्या करपद्धतीत आहोत? हप्ता वजा भाडं किती? उद्या मी एकटी राहिले तर हा हप्ता कोण भरणार, आणि त्यासाठी कर्जाइतका विमा काढला आहे का? तिन्ही उत्तरं आकड्यांत मिळेपर्यंत पेन उचलू नका. कुणी रागावलं तर रागावू द्या.