लाल बटणाची परीक्षा



ज्वारीची सुगी संपून कडब्याच्या गंजी लागल्या, की आपल्या बीड जिल्ह्यात गोठ्यागोठ्यातून कुट्टी यंत्राची घरघर सुरू होते. पूर्वी अख्खी पेंढी जनावरांपुढे टाकायची पद्धत होती. जनावर पाला खाई आणि धाटे पायदळी जात. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात आपली गुरे चारा छावण्यांत बांधावी लागली, तेव्हा कडब्याच्या एकेका काडीचे मोल आपल्याला कळले. कुट्टी करा, चारा वाचवा, हे मी स्वतः गावोगाव सांगत फिरलो आहे. म्हणून या यंत्राचा धोका सांगण्याचे कामही माझेच आहे.

मागे केज तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. ओळखीच्या घरी चहाला थांबलो, तर घरातल्या थोरल्या सूनबाईंच्या मनगटाला फडके गुंडाळलेले. विचारले तर त्या नुसत्याच हसल्या. सासूबाई मात्र बोलल्या, "साहेब, देवानंच वाचवलं बघा. कडबा लावताना पदर रुळात गेला. हिनं लाल बटण दाबलं, पण मशीन काही थांबंना. मी दारात होते म्हणून मेन स्विच खाली ओढला. नाहीतर हात गेला असता पोरीचा."

पदर फाटला, मनगट खरचटले, एवढ्यावर निभावले. पण बटण दाबून यंत्र थांबले का नाही? धाकटा मुलगा आयटीआयला शिकतो. त्यानेच हौसेने आईच्या आणि वहिनीच्या सोयीसाठी कडबा लावायच्या तोंडाशी छत्रीसारखे मोठे लाल बटण बसवले होते. तो मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "काका, नवं बटण आहे. दोन्ही तारा घट्ट बसवल्यात."

मी म्हणालो, "तारा घट्ट आहेत की नाहीत, हे नंतर पाहू. आधी त्या कुठे बसवल्यात ते बघू."

मेन स्विच बंद केला. फ्यूज काढून खिशात ठेवला, म्हणजे मागून कोणी चालू करायला नको. मग घरातल्या बॅटरीचे सेल, तिचा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे घेऊन परीक्षेचा दिवा तयार केला. स्टार्टरमधून थांबवण्याच्या बटणांकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवल्या आणि त्यांच्या टोकांना दिवा लावला. दिवा लागला. ते बरोबरच, कारण कोणी बटण दाबत नाही तोवर थांबवण्याचा रस्ता जोडलेला असला पाहिजे. आता मुलाला नवे लाल बटण दाबायला सांगितले. दिवा विझायला हवा होता. तो तसाच जळत राहिला. स्टार्टरवरचे जुने लाल बटण दाबले, तरी तसाच. दोन्ही बटणे एकदम दाबली, तेव्हा कुठे विझला.

मुलाने नवे बटण जुन्याच्या शेजारी, त्याच दोन स्क्रूंवर बसवले होते. हे सोपे करून सांगतो. विहिरीचे पाणी एका पाटाने येते आणि त्या पाटाला एकामागे एक दोन दारे आहेत. कोणतेही एक बंद केले तरी पाणी थांबते. पण पाटच दोन फाटे करून पुढे एक केला आणि प्रत्येक फाट्याला एक दार ठेवले, तर एक बंद केल्यावर पाणी दुसऱ्या फाट्याने जाते. थांबवण्याची बटणे नेहमी एकामागे एक जोडायची. म्हणजे जुन्या बटणाची तार सोडवून ती नव्या बटणातून फिरवून आणायची. चालू करण्याची हिरवी बटणे दोन असतील, तर ती मात्र शेजारी-शेजारी जोडायची. घाईत ह्याच्या उलट होते.

त्या घरी दहा मिनिटांत तार बदलली. दिवा लावून पाहिले. कोणतेही एक बटण दाबले की दिवा विझू लागला. सूनबाईंनी स्वतः दोनदा दाबून पाहिले, मगच त्यांना पटले.

आता ह्याच कामातल्या आणखी चार चुका सांगतो. आपल्या यंत्रावर त्या आहेत का ते पाहा.

१) बटण उलट्या जातीचे असणे. बाजारात मिळणाऱ्या बटणाच्या पाठीमागचा ठोकळा दोन प्रकारचा असतो. एक दाबल्यावर तुटतो, दुसरा दाबल्यावर जुळतो. बहुधा तुटणारा लाल आणि जुळणारा हिरवा असतो, पण रंगावर विसंबू नका. थांबवण्यासाठी न दाबता जुळलेलाच हवा. कारण गोठ्यात उंदीर तार कुरतडतात, शिंग लागून तार तुटते. जुळलेल्या रस्त्यात तार तुटली, तर यंत्र आपोआप थांबते आणि आपल्याला दोष कळतो. उलट्या जातीच्या बटणाची तार तुटली, तर कोणालाच कळत नाही. कळते ते पदर अडकल्यावर.

२) झाकणाचा स्विच. काही जण पात्याच्या चाकावरील झाकणाला छोटा लिमिट स्विच लावतात, म्हणजे झाकण उघडले की यंत्र बंद. कल्पना उत्तम. पण त्या स्विचवर तीन पाय असतात आणि एनसी, एनओ अशी अक्षरे असतात. 'एनसी म्हणजे सुरक्षित' असे कोणाकडून ऐकून लोक तिथेच तार लावतात. ती अक्षरे स्विच न दाबलेला असतानाची आहेत. आपले झाकण बंद असताना स्विच दाबलेला राहतो. म्हणून इथे सामाईक पाय आणि एनओचा पाय घ्यावा लागतो. शहरातील हौशी तरुण संगणकावर चालणारी लाकूड कोरायची यंत्रे घरी जोडतात. त्यांत गाडा टोकाला पोचला की स्विच दाबला जातो, म्हणून तिथे एनसीच बरोबर. अक्षरे पाहू नका. यंत्र चालू ठेवण्याच्या स्थितीत दिवा लागतो का आणि धोक्याच्या स्थितीत विझतो का, एवढेच पाहा.

३) बटण न्यूट्रलच्या तारेत असणे. घरगुती सिंगल फेजच्या स्टार्टरवर ही चूक होते. गोठ्याची जमीन ओली असते. बटण न्यूट्रलच्या बाजूला असेल आणि कॉइल व बटण यांमधली तार सोलून जमिनीला किंवा यंत्राच्या सांगाड्याला टेकली, तर बटण दाबूनही कॉइलला जमिनीतून रस्ता मिळू शकतो. बटण नेहमी फेजच्या बाजूला हवे आणि यंत्राला पक्के अर्थिंग हवे.

४) हिरव्या बटणात काडी खोचणे. ही सर्वांत वाईट. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहून आपण कंटाळतो आणि पंपाला ऑटो स्विच लावतो. पंपावर तो ट्रान्सफॉर्मर जाळतो, कारण वीज आली की सगळे पंप एकदम भार टाकतात. कुट्टी यंत्रावर तो माणूस मारतो. वीज गेली म्हणून बाई अडकलेला कडबा हाताने ओढायला जाते आणि तेवढ्यात वीज येते. चांगल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉइल सुटते आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. ही राखण आपण काडी खोचून स्वतःच उठवतो. ज्यांचे यंत्र नुसत्या साध्या स्विचवर चालते, त्यांच्याकडे ही राखण मुळातच नाही. त्यांनी स्टार्टर बसवून घ्यावा.

सगळे बरोबर असले तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कमी दाबाने स्टार्टर तडतडला तर त्याचे पॉइंट जळून चिकटतात. मग बटण बिचारे काय करणार? म्हणून मेन स्विच हाताच्या अंतरावर हवा, गंजीच्या मागे नको. आणि बटण वीज तोडते, चाक थांबवत नाही. जड चाक नंतरही काही वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका. पदर खोचून घ्या, बांगड्या मागे सारा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

मळणी यंत्रांवर हात तुटू लागले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी केंद्राने कायदाच केला. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात एक हात किंवा पाय गेला तर १ लाख रुपये, मृत्यू आला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख रुपये मिळतात. असा प्रसंग आलाच तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज करावा. पण लाखाने भाकरी थापता येत नाही.

तारा बदलण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. परीक्षा मात्र तुम्ही स्वतः घ्या. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, कडबा न लावता यंत्र चालू करा. लाल बटण दाबा. बंद झाले? पुन्हा चालू करून दुसरे लाल बटण दाबा. मग चालत्या यंत्राचा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. यंत्र आपणहून फिरू लागले, तर त्या दिवशी कुट्टी करू नका. जनावरांना अख्खी पेंढी टाका. एक दिवस थोडा कडबा वाया गेला तरी चालेल.

त्या घरच्या सूनबाई आता रोज आधी लाल बटण दाबून पाहतात, मगच पेंढी उचलतात. सासूबाईंनी मेन स्विचजवळची लाकडेही हलवली आहेत.