दोनशे डॉलरची वसुली

परवाच्या बैठकीत एक शहाणा मला म्हणाला, "कार्यकर्त्याच्या तोंडी पैशाची भाषा शोभत नाही." म्हणणाऱ्याचा पगार एक तारखेला बँकेत पडतो. जागा स्वतःची. बायको सरकारी नोकरीत. मी गप्प बसलो. गप्प बसलो, कारण परतीच्या गाडीभाड्याचे ४० रुपये त्याच्याकडूनच मागायचे होते.

मागितले. त्यानं दिले. देताना हसला. ते हसणं डोक्यात घेऊन घरी आलो आणि ल्यूक केज काढून वाचत बसलो.

ल्यूक केज कोण ते सांगतो. ज्यांनी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर उकिडवं बसून जुनी इंग्रजी कॉमिक्स चाळलीत त्यांना ठाऊक असेल. बाकीच्यांनी ऐका. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला हा काळा पोरगा. खरं नाव कार्ल लुकास. जिवलग दोस्तानंच त्याच्याकडे हेरॉइन ठेवलं आणि पोलिसांना खबर दिली. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंग. तिथला एक गोरा पहारेकरी त्याच्यावर डूख धरून. तुरुंगात एक डॉक्टर कैद्यांवर प्रयोग करत होता. सुटकेच्या आशेनं हा प्रयोगाचा उंदीर व्हायला तयार झाला. पहारेकऱ्यानं यंत्राचा खटका वाढवून ठेवला, मारायलाच. पण गडी मेला नाही. कातडी पोलादाची झाली. भिंत फोडून बाहेर पडला आणि नाव बदलून परत न्यूयॉर्कात आला.

मार्व्हल कंपनीनं हे कॉमिक जून १९७२च्या अंकापासून काढलं. साल बघा. त्याच साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली, ओकलंडच्या ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन. इकडच्या पोरांना त्या कॉमिकची गंधवार्ता असण्याचं कारण नाही, आणि ते काढणाऱ्यांना आपली. पण मला ही दोन जन्मसालं एकाशेजारी एक मांडून बघायला आवडतं.

तर हा केज. एका खानावळीत दरोडा पडतो, हा चोराला धरून आपटतो. मालक खुश होऊन बक्षीस देतो. आणि याच्या डोक्यात उजेड पडतो: च्यायला, या कामाचे पैसे मिळतात! तिथून धंदा सुरू. टाइम्स स्क्वेअरच्या एका जुनाट थिएटरच्या वर ऑफिस. कॉमिकचं नावच 'हीरो फॉर हायर', म्हणजे हीरो भाड्यानं मिळेल. अंगात पिवळा शर्ट, कमरेला पट्ट्याच्या जागी साखळदंड. खिशात दमडी नाही.

आता मुख्य गोष्ट. १९७३चे दोन अंक, आठवा आणि नववा. डॉक्टर डूम नावाचा एक खलनायक आहे. लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक देशाचा हुकूमशहा, तोंडावर लोखंडी मुखवटा. त्याचे काही यंत्रमानव बंड करून पळालेत आणि काळ्या माणसांची रूपं घेऊन काळ्यांच्या वस्तीत लपलेत. काळ्यांच्या वस्तीत शोधायचं तर काळा माणूस पाहिजे, म्हणून डूम केजला कामाला लावतो. केज एकेकाला शोधून मोडतो. काम फत्ते. आणि हा राजा माणूस, महालात राहणारा, पैसे न देता आपल्या देशाला निघून जातो.

किती पैसे? २०० डॉलर.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, डूमशी कोण भांडणार. केज उठला, श्रीमंत हीरोंची एक टोळी आहे 'फॅन्टास्टिक फोर' नावाची, त्यांच्या बिल्डिंगीत घुसला, त्यांचं उडतं यान उसनं घेतलं, समुद्र ओलांडून लॅटव्हेरियात उतरला आणि डूमच्या तोंडासमोर उभा राहून म्हणाला, माझे पैसे काढ. तुंबळ मारामारी झाली. दोनशे डॉलर घेऊनच परत आला.

पांढरपेशा वाचक इथं हसतो. इतक्या लांब दोनशेसाठी? त्या यानाला इंधन किती लागलं असेल? हिशोब बसत नाही हे मलाही कळतं. पण ज्यानं मुकादमाच्या दारात आठ दिवस हजेरीच्या पैशासाठी खेटे घातलेत त्याला हिशोब बरोबर कळतो. मुकादमाला पैसे बुडवायचे नसतात, त्याला फक्त खात्री असते की तू येणार नाहीस. आणि आलास तरी हात जोडून येशील. केज हात न जोडता गेला. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो, इंग्रजी अर्धंमुर्धं कळत होतं, पण हे कळलं.

आता दुसरीकडचे हीरो बघा. बॅटमॅन: बापाची इस्टेट, हवेली, नोकर. दिवसा कारखानदार, रात्री समाजसेवक. आपल्याकडं इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघर गेलेला वेताळ: गोरा माणूस, आफ्रिकेच्या जंगलात कवटीच्या गुहेत सिंहासनावर, मागं पिढीजात खजिना, पुढं काळे भक्त. यांना घरभाडं कधी आठवलंय? आपला लाडका ब्लॅक पँथरसुद्धा घ्या. तो कॉमिकमध्ये जुलै १९६६ला आला, ओकलंडचा पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाला. २०१८ला सिनेमा आला तेव्हा वस्तीतल्या पोरांनी छातीवर हात बांधून वाकांडा केलं. मीही केलं, लाज वाटायचं कारण नाही. पण टी'चाला राजा आहे. त्याच्या देशाखाली व्हायब्रेनियमची खाण आहे. आपल्या वस्तीखाली गटार आहे, आणि ते साफ करायलाही आपलाच माणूस उतरतो.

पैशानं नाडलेला हीरो गोऱ्यांतही आहे एक. स्पायडरमॅन. पीटर पार्कर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला पोर, ऑगस्ट १९६२चा जन्म, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा. चुलता मेलेला, घरभाडं थकलेलं. मार्च १९६३च्या त्याच्या स्वतःच्या पहिल्या अंकात एक प्रसंग आहे. पोरगा वेश घालून तमाशासारखा खेळ करतो, त्याचा चेक मिळतो. चेक कुणाच्या नावाचा? स्पायडरमॅनच्या. बँकेत जातो. खिडकीतला कारकून म्हणतो, ओळखपत्र दाखवा. अंगातला वेश म्हणजे ओळखपत्र होत नाही. चेक तसाच खिशात. आधारकार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असे खिडकीतून परत आलेले किती जण हे वाचताय मला माहिताय. त्याच अंकात तो फॅन्टास्टिक फोरकडं नोकरी मागायला जातो आणि पहिला प्रश्न विचारतो पगाराचा. ते सांगतात, इथं पगार नाही, आमची संस्था धर्मादाय. श्रीमंतांची धर्मादाय संस्था! ओळखीचं वाटतं का?

आणि याच अंकात, एका कोपऱ्यातल्या चौकटीत, त्याची मे काकू गुपचूप दागिने गहाण टाकते.

या चौकटीपाशी मी थांबतो. कारण आमच्या घरात ती चौकट आहे. मी पूर्णवेळ होतो ती चार वर्षं. जिल्ह्याजिल्ह्यात फिरत होतो. कुठं विहिरीवरून मारहाण, कुठं वरातीवर दगडफेक, कुठं पोरीला उचललेलं. पोलीस ठाण्यात रात्रभर बसायचं, फिर्याद नोंदवून घेईपर्यंत उठायचं नाही. लोक खांद्यावर हात ठेवायचे, "वाघ आहे" म्हणायचे. वाघाच्या घरात काय चाललं होतं? आई चार घरची भांडी घासत होती. धाकटीची कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा आईनं कानातली फुलं सोनाराकडं टाकली आणि मला सांगितलंही नाही. सहा महिन्यांनी मी विचारलं, "आई, कान मोकळे का?" म्हणाली, "तू भाषण करतोस ना, तुझ्या भाषणात घातले." हसत म्हणाली. मला अजून ते हसायला येत नाही.

म्हणजे मी फुकट काम करत होतो असं सगळे समजत होते, मीसुद्धा. फुकट काहीच नव्हतं. पैसे आई भरत होती. चळवळीच्या पावतीपुस्तकात तिचं नाव नाही. तुमच्यापैकी कितीजणांची बायको शिवणयंत्रावर बसून तुमची क्रांती चालवतेय, ते घरी जाऊन विचारा.

एका गावच्या जयंतीला व्याख्यानाला बोलावलं. डीजेला पैसे होते, कमानीला होते. मी येण्याजाण्याचे पाचशे मागितले. दुसऱ्या दिवशी गावभर: साहेब आता दर लावतात, बाबासाहेबांच्या नावावर धंदा करतात. बाबासाहेबांचं नाव घेता ना? मग ऐका. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. काय होतं वतन? इवलासा जमिनीचा तुकडा, दारोदार मागितलेली भाकर, आणि त्या बदल्यात रात्री-अपरात्री सगळ्या सरकारी खात्यांची आणि गावाची हरकामं. सांगावा घेऊन पळ, साहेबाच्या घोड्यापुढं पळ, मेलेलं ढोर ओढ. वर सांगायचं हा तुझा मान आहे. मानाची काठी, मानाची घोंगडी. बाबासाहेब म्हणत होते, काम आहे तर रोख पगार द्या. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी मानाच्या नावावर वेठ केली, त्यांच्याच पोरांना आज चळवळीच्या नावावर पुन्हा मानाची काठी देता? काठी बदलली, रंग निळा दिला एवढंच.

ल्यूक केजची आरती ओवाळत नाही मी. ते पात्र लिहिलं आर्ची गुडविननं, काढलं जॉर्ज टस्कानं, दोघे गोरे. १९७१च्या 'शाफ्ट' सिनेमानं काळ्या हीरोवर गल्ला भरतो हे दाखवून दिल्यावर कंपनीला एकाएकी हार्लेम आठवलं. बिली ग्रॅहॅम हा काळा चित्रकार त्या कॉमिकवर होता, त्याचं नाव आवर्जून घ्यायला हवं. केजची बोली नकली. तोंडात खरी शिवीसुद्धा नाही. कॉमिक्स कोडनं तेवढीही मुभा ठेवली नव्हती. शिवी नसलेली झोपडपट्टी ज्यांना हवी असते ते तिकडंही आहेत.

हीरो बनवणाऱ्यांची गतही तीच, गोरे असून. सुपरमॅन ज्यांनी जन्माला घातला त्या सीगल आणि शुस्टर या दोन पोरांना १९३८ साली त्याचे सगळे हक्क विकून मिळाले १३० डॉलर. कंपनीनं करोडो कमावले. म्हातारपणी दोघे कंगाल झाले, १९७५ला आरडाओरड केली तेव्हा वर्षाला २० हजारांची पेन्शन आणि नाव छापणं पदरात पडलं. २०१२ला तो जुना चेक लिलावात गेला. १ लाख ६० हजार डॉलरला! कागदाला मिळाले, माणसाला नाही.

२०१६ला केजवर नेटफ्लिक्सनं मालिका काढली. या वेळी मालिका घडवणारा चेओ होडारी कोकर स्वतः काळा. गोळ्या न लागणारा, हूडी घातलेला काळा माणूस. ते चित्र बघताना अंगावर काटा येतो, कारण २०१२ला फ्लोरिडात हूडी घातलेल्या ट्रेव्हॉन मार्टिनला, सतरा वर्षांच्या निःशस्त्र पोराला, गोळी घातली गेली. मालिकेतला केज न्हाव्याच्या दुकानात केस झाडतो, रात्री क्लबात भांडी धुतो, खोलीचं भाडं थकलंय. इथवर झकास. पण घरमालकिणीला गुंडांपासून वाचवल्यावर ती पैसे देऊ करते तेव्हा हा म्हणतो, मी भाड्यानं मिळत नाही. चव्वेचाळीस वर्षांत हीरोला सभ्य बनवलं. मी मोबाइलवर बघत होतो, तिथंच बंद केलं. नंतर उरलेली बघितली, चांगली आहे, पण त्या वाक्याला माफी नाही. अरे, दोनशे डॉलरसाठी डूमच्या दारात गेलेला माणूस तू!

कायद्यालासुद्धा हे कळतं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५च्या नियमांत ११वा नियम आहे: पीडित आणि साक्षीदार चौकशीला किंवा खटल्याला येतील त्यांना प्रवासभाडं आणि बुडालेल्या दिवसाचा निर्वाहखर्च, किमान शेतमजुरीच्या दरानं. न्याय मागायला एसटीचं तिकीट लागतं, हे त्या नियमानं लिहून ठेवलंय. किती जणांनी आपल्या माणसाला हे पैसे मागून दिले? मागा. अर्ज करा, तारखेला करा. ठाण्यात रात्र काढणाऱ्या कार्यकर्त्याची मजुरी मात्र कुठल्या नियमात नाही. ती आपल्यालाच ठरवायचीय.

मी आता कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करतो. दिवसा जमेल तेवढं चळवळीचं. पुढच्या बैठकीला वही घेऊन येतोय. कोण कुठं गेलं, किती दिवस, भाडं किती, मजुरी किती बुडाली, घरी त्या दिवशी कुणी भागवलं, सगळं तारीखवार. त्या शहाण्यानं चष्मा घेऊन यावा. पहिल्या पानावर दोनच नोंदी आहेत. आईची कानातली फुलं, अजून सोनाराकडं. आणि परतीचं गाडीभाडं ४० रुपये, त्याचेच, देणं बाकी.